इंग्रजीच्या तासातील जागतिक साहित्य : वाचन आणि लेखन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• ‘जागतिक साहित्य’ ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• शालेय इंग्रजीचे अध्यापन आणि आधुनिक मराठी साहित्य यांचा संबंध सांगता येईल.
• इंग्रजीतून भेटणाऱ्या परभाषिक कथेचे मराठी परंपरेच्या आधारे तौलनिक वाचन करता येईल.
• पाठ केलेले रसग्रहण आणि स्वतःचे रसग्रहण यांतील फरक ओळखता येईल व स्वतःचे रसग्रहण लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात ‘जागतिक साहित्य’ नावाचा तास नसतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला शेक्सपिअर, टॉलस्टॉय किंवा हेमिंग्वे भेटतो तो बहुधा इंग्रजीच्या तासाला, शब्दार्थ आणि व्याकरणाचे प्रश्न यांच्या गर्दीत. म्हणजे इंग्रजी हा विषय एकाच वेळी दोन कामे करीत असतो. तो एक भाषा शिकवतो आणि त्या भाषेच्या दाराने इतर अनेक भाषांतील साहित्य वर्गात आणतो. पहिल्या कामाकडे शाळेचे, पालकांचे आणि परीक्षा मंडळाचे लक्ष असते. दुसरे काम मात्र बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठी विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात हा घटक कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. आधुनिक मराठी साहित्याची जडणघडण समजून घेताना इंग्रजीचा वर्ग वगळता येत नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. मुक्त शिक्षणातील अनेक विद्यार्थी स्वतः शिक्षक, पालक किंवा गावातील वाचनालयाचे कार्यकर्ते असतात, तर काहींचे शिक्षण दहावीच्या इंग्रजीच्या पेपरापाशीच अडलेले असते. ज्या विषयाने आपल्याला भीती दिली, त्याच विषयात साहित्याचा आनंद दडलेला होता, हे उशिरा का होईना कळणे महत्त्वाचे आहे. घरातील पुढच्या पिढीला तो आनंद वेळेवर मिळावा, हे त्याहून महत्त्वाचे.

या घटकातील उदाहरणांसाठी आपण धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे गाव समोर ठेवणार आहोत. कळंब तालुक्यातील हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर आहे आणि येडेश्वरी देवीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेमुळे सर्वत्र ओळखले जाते. अशा गावातील नववी-दहावीच्या विद्यार्थ्याजवळ जगातील अभिजात ग्रंथांचे कपाट नसते. परंतु यात्रेतील आराधी गीते, जात्यावरच्या ओव्या, संतकथा आणि भारुडे यांचा मोठा साठा त्याच्या कानांत असतो. परभाषेतील साहित्य या साठ्याशी जोडून वाचले, तरच ते विद्यार्थ्याचे होते आणि तेव्हाच त्यातून त्याचे स्वतःचे लेखन जन्माला येते. या घटकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

२. ‘जागतिक साहित्य’ म्हणजे काय?

‘जागतिक साहित्य’ ही संकल्पना प्रचारात आणण्याचे श्रेय जर्मन कवी गटे याला दिले जाते. १८२७ साली, अनुवादातून वाचलेल्या एका चिनी कादंबरीविषयी आपला सहकारी एकरमान याच्याशी बोलताना, आता जागतिक साहित्याचा काळ येऊ घातला आहे, असा विचार त्याने मांडला. गटेच्या या जाणिवेमागे भारतीय साहित्याचाही वाटा होता. विल्यम जोन्स याने कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद १७८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर याने १७९१ मध्ये जर्मन अनुवाद केला आणि तो वाचून गटे भारावून गेला. संस्कृत नाटक इंग्रजीमार्गे जर्मन कवीपर्यंत पोहोचले, ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. रवींद्रनाथ टागोर यांनी १९०७ साली कलकत्त्यात ‘विश्वसाहित्य’ या विषयावर बंगालीत व्याख्यान दिले आणि हा विचार भारतीय भूमीवर नव्याने मांडला.

अलीकडच्या काळात डेव्हिड डॅमरॉश या अभ्यासकाने २००३ मधील आपल्या ग्रंथात या संकल्पनेला वेगळी दिशा दिली. जी साहित्यकृती आपल्या मूळ संस्कृतीबाहेर जाऊन, मूळ भाषेतून वा अनुवादातून, वाचली जाते ती जागतिक साहित्याचा भाग बनते, असे तो मानतो. या दृष्टीने जागतिक साहित्य ही श्रेष्ठ ग्रंथांची कायमची यादी राहत नाही. कृती कोठून निघाली, कोणकोणत्या भाषांतून गेली आणि कोणत्या वाचकापर्यंत पोहोचली, या प्रवासाला महत्त्व येते.

हा प्रवास एकाच दिशेने होतो, असा समज मात्र करून घेऊ नये. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा हाल सातवाहनाच्या नावाशी जोडलेला संग्रह. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे मराठवाड्यातील आजचे पैठण. या गाथांचा अभ्यास आणि अनुवाद अल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात केला, तर कवी अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी निवडक गाथांचा इंग्रजी अनुवाद १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन्ही व्यापारी नगरांचा उल्लेख आहे. ज्या भूभागातील माल भडोच बंदरातून पश्चिमेकडे जात होता, तेथील कविताही पुढे परदेशी वाचकांपर्यंत गेली. येरमाळ्याच्या विद्यार्थ्याने जागतिक साहित्य वाचणे म्हणजे परक्याच्या दारात उभे राहणे नव्हे. त्या देवघेवीत त्याच्या प्रदेशाचाही जुना वाटा आहे.

३. इंग्रजीचा वर्ग आणि मराठी साहित्य

३.१ वसाहतकालीन पार्श्वभूमी

मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाला सरकारी पाठबळ मिळाले. इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून वसाहतीच्या राज्यकारभाराच्या गरजांतून कसा घडला, याची चिकित्सा गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली आहे. राज्यकर्त्यांच्या संस्कृतीविषयी आदर निर्माण करणे हा या अध्यापनाचा एक हेतू होता. म्हणून इंग्रजीतील प्रत्येक कृतीकडे ‘श्रेष्ठ’ म्हणून पाहण्याची सवय लागली आणि ती आजही पुरती गेलेली नाही. तथापि राज्यकर्त्यांचा हेतू आणि वाचकांनी त्यातून घेतलेले फळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी लेखकांनी या वर्गातून जे उचलले, त्याचा उपयोग त्यांनी आपल्या भाषेसाठी केला.

३.२ वर्गातून साहित्याकडे

पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झाले. त्या शाळेशी चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांची नावे निगडित आहेत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरून केलेले ‘विकारविलसित’ हे नाटक १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. याच शाळेत शिकलेल्या केशवसुतांनी चौदा ओळींचा इंग्रजी काव्यप्रकार मराठीत आणला. त्यांची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) ही मराठीतील पहिली सुनीतरचना मानली जाते. त्यांनी स्वतः या प्रकाराला ‘चतुर्दशक’ असे नाव दिले होते. परक्या रचनेला आपल्या भाषेतील नाव शोधणे, हा तिला आपलेसे करण्याचाच प्रयत्न होता. केशवसुतांच्या आयुष्याचा बराच काळ शिक्षकी पेशात गेला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

विसाव्या शतकातील वि. स. खांडेकर यांचे उदाहरण खेड्यातील शाळेच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. १९२० ते १९३८ या काळात ते कोकणातील शिरोडा या गावी शाळेत शिक्षक होते. मोठ्या शहरापासून दूर राहूनही त्यांनी परदेशी साहित्याचे वाचन सोडले नाही. पुढे खलील जिब्रानच्या रूपककथा त्यांनी मराठीत आणल्या आणि रूपककथा हा प्रकार मराठीत रुजवण्यास हातभार लावला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा त्यांनी केलेला मराठी अनुवादही प्रसिद्ध आहे. शिक्षक स्वतः वाचतो आणि लिहितो, तेव्हा वर्गात साहित्य जिवंत राहते, हे या दोघांच्या कार्यावरून दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या विंदा करंदीकरांनी गटेचे ‘फाउस्ट’ आणि शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ मराठीत आणले. पु. ल. देशपांडे यांचे ‘एका कोळियाने’ हे हेमिंग्वेच्या लघुकादंबरीचे रूपांतर १९६५ मध्ये आले. त्याच वर्षी दुर्गाबाई भागवतांनी थोरोच्या ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद दिला.

३.३ मराठवाड्याची वेगळी वाट

मराठवाड्याचा भाषिक इतिहास पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शिक्षणावरही उर्दूचा मोठा प्रभाव होता. त्या काळातील मराठी विद्यार्थ्याच्या घरी मराठी, शाळेत उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी अशी त्रिभाषिक स्थिती होती. परिणामी इंग्रजी साहित्याशी मराठवाड्याचा व्यापक संबंध उशिरा आला. तो आला तेव्हा त्याला एक निराळे वळण मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. तेथील इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत संशोधन केले आणि परतल्यावर तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे मराठी लेखकांचे लक्ष वेधले. मूळचे लातूर परिसरातील असलेले इंग्रजीचे प्राध्यापक जनार्दन वाघमारे यांनीही या साहित्याचा मराठीतून सविस्तर परिचय करून दिला. अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून १९७२ साली ‘दलित पँथर’ हे नाव घेतले गेले, ते अशा वातावरणात. दलित साहित्य अनुभवाच्या आणि आंबेडकरी विचाराच्या बळावर उभे राहिले. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखेच दुःख आणि आपल्यासारखाच विद्रोह शब्दबद्ध होत आहे, या जाणिवेने त्या बळाला आधार दिला. जागतिक साहित्याच्या वाचनात केवढे काही पणाला लागलेले असू शकते, याचे हे आपल्या प्रदेशातील उदाहरण आहे.

४. एका कथेचे तौलनिक वाचन

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. टॉलस्टॉयची ‘तीन प्रश्न’ ही कथा शालेय इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून अनेक विद्यार्थ्यांना भेटते. एनसीईआरटीच्या सातवीच्या ‘हनीकोंब’ या पुस्तकातही ती होती. कथानक थोडक्यात असे. कामासाठी योग्य वेळ कोणती, सर्वांत महत्त्वाची माणसे कोणती आणि सर्वांत महत्त्वाचे काम कोणते, हे तीन प्रश्न एका राजाला पडतात. विद्वानांच्या उत्तरांनी त्याचे समाधान होत नाही. साध्या वेषात तो एका वृद्ध तपस्व्याकडे जातो. तपस्वी झोपडीपुढे वाफे खणत असतो. तो थकलेला पाहून राजा त्याच्या हातचे कुदळ-फावडे घेतो आणि स्वतः खणू लागतो. संध्याकाळी एक जखमी माणूस धावत येतो. राजा त्याची जखम धुतो, बांधतो आणि त्याची काळजी घेतो. सकाळी तो माणूस सांगतो, की तो राजाला मारण्यासाठी दबा धरून बसला होता, कारण राजाने त्याच्या भावाला मृत्युदंड दिला होता आणि त्याची मालमत्ता जप्त केली होती. दोघांचा समेट होतो. तपस्वी म्हणतो, की उत्तरे मिळालीच आहेत. महत्त्वाची वेळ म्हणजे आत्ताची, महत्त्वाचा माणूस म्हणजे जवळ असलेला आणि महत्त्वाचे काम म्हणजे त्याचे भले करणे.

४.१ कथेचा प्रवास

ही कथा मूळ इंग्रजी नाही, ही पहिली नोंद विद्यार्थ्याने करायला हवी. १९०३ साली रशियन साम्राज्यातील किशिनेव्ह शहरात ज्यूंवर भीषण हल्ले झाले. पीडितांच्या मदतीसाठी शोलेम आलेखेम या यिडिश लेखकाने एक संग्रह काढण्याचे ठरवले आणि टॉलस्टॉयने त्यासाठी ज्या तीन कथा दिल्या, त्यांपैकी ही एक. रशियन लेखकाची कथा यिडिश वाचकांसाठी जाते, इंग्रजीत अनुवादित होते आणि मराठी मुलाच्या दप्तरात येऊन पडते. हा संदर्भ कळला, की जवळच्या माणसाचे भले करण्याचा उपदेश निव्वळ सुभाषित राहत नाही. शेजारी शेजाऱ्यावर धावून गेला होता, त्या काळात ते वाक्य लिहिले गेले आहे.

४.२ मराठी परंपरेशी तुलना

मातीत राबणारे हात आणि त्यातून होणारा आत्मबोध ही प्रतिमा मराठी वाचकाला ओळखीची आहे. अरणचे सावता माळी मळ्यातच विठ्ठल पाहतात. धाराशिव जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना नामस्मरणात दंग होतात. गोरोबांची आख्यायिका आपल्याला माहीत आहे. आई पाणी आणायला गेलेली असताना रांगणारे मूल चिखलात येते आणि तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली सापडते. पुढे पंढरीत ते मूल परत मिळाल्याचे कथा सांगते.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या, म्हणजे विचाराला खरे वळण मिळते. माती खणणारा राजा जवळ आलेल्या माणसाकडे वळतो. माती तुडवणारे गोरोबा जवळ आलेल्या मुलाच्या पलीकडे, परमेश्वराकडे गेलेले असतात. मग टॉलस्टॉयच्या कसोटीवर गोरोबांची भक्ती उणी ठरते काय? असा निष्कर्ष घाईने काढणे योग्य नाही. परंपरेने ही कथा तल्लीनतेची परिसीमा म्हणून सांगितली, परंतु त्या मातेचा आक्रोश तिने लपवला नाही. भक्तीची किंमत घरातील कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न कथेच्या पोटातच आहे. टॉलस्टॉयची कथा वाचल्यानंतर तो अधिक स्पष्ट ऐकू येतो. परभाषेतील कथेने आपल्या कथेवर टाकलेला हा प्रकाश आहे.

आता उलट दिशेने पाहू. आपला अनुभव टॉलस्टॉयच्या कथेवर कोणता प्रकाश टाकतो? कथेतील जखमी माणसाची मालमत्ता जप्त झालेली आहे. जमिनीचा तुकडा हातून जाणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरातील मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. असा विद्यार्थी विचारू शकतो, की भाऊ आणि मालमत्ता गमावलेला माणूसच आधी क्षमा का मागतो? राजाने दिलेला दंड न्याय्य होता की नव्हता, याविषयी कथा गप्प का? हे प्रश्न पाठाखालच्या स्वाध्यायात सहसा नसतात. ते विद्यार्थ्याच्या जगण्यातून येतात आणि म्हणूनच समीक्षेच्या दृष्टीने मोलाचे असतात.

५. मौखिक परंपरा : यात्रेतून होमरकडे

इंग्रजीच्या तासाला होमरचे नाव येते, तेव्हा ते दूरचे आणि अवघड वाटते. मिल्मन पॅरी आणि त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड यांनी १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील लोकगायकांच्या दीर्घ कथागीतांचे ध्वनिमुद्रण केले. त्यांतील अनेक गायक निरक्षर होते. ठरावीक विशेषणे, ठरावीक ओळी आणि ठरावीक प्रसंग यांच्या आधारे ते गाता गाता रचना करत. होमरची महाकाव्येही अशाच मौखिक परंपरेतून घडली असावीत, हे मत त्यातून बळकट झाले. लॉर्डने आपले विवेचन १९६० मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

येरमाळ्याच्या यात्रेत आराधी मेळ्याचे गाणे ऐकलेल्या विद्यार्थ्याला हा सिद्धांत समजण्यास वेळ लागत नाही. मुख्य गाणारा पुढे जातो, बाकीचे ध्रुवपद धरतात. देवीची तीच विशेषणे पुन्हा पुन्हा येतात आणि त्या पुनरावृत्तीच्या आधाराने पुढची ओळ सुचते. पुनरुक्ती हा लेखी निबंधातील दोष असला, तरी मौखिक रचनेत ती स्मरणाची आणि निर्मितीची युक्ती असते. जात्यावरच्या ओव्यांनाही हेच लागू पडते. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांतील अनेकींचे आता इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहेत. ज्या आजीला शाळा मिळाली नाही, तिच्या तोंडची ओवी आज जागतिक साहित्याच्या प्रवासाला निघाली आहे.

६. वाचनाकडून लेखनाकडे

६.१ पाठ केलेले रसग्रहण

दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणावर प्रश्न असतो. शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे ठरलेले असतात. त्यामुळे गाइडमधून आयते उत्तर पाठ करण्याची प्रथा पडली आहे. या प्रथेला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. नापास होण्याच्या भीतीखाली असलेल्या मुलाला पाठ केलेले उत्तर तारून नेते आणि भरगच्च वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकाची वही तपासायला वेळ नसतो. तरीही त्यात होणारे नुकसान मोठे आहे. ‘कविता मला आवडली, कारण’ या शब्दांपुढचे कारणसुद्धा दुसऱ्याने लिहून दिलेले असते. आपल्या मताला किंमत नाही, हा धडा विद्यार्थी सर्वांत पक्का शिकतो. इंग्रजी कच्चे राहिले तर ते पुढे सुधारता येते, परंतु हा धडा पुसणे फार कठीण जाते.

६.२ दोन नमुने

‘तीन प्रश्न’ या कथेवरील पुढील दोन उतारे ताडून पाहा. हे नमुने सोयीसाठी मराठीत दिले आहेत.

नमुना अ : ही एक सुंदर व बोधपर कथा आहे. लेखकाने सोप्या भाषेत मोठा संदेश दिला आहे. राजाचे पात्र प्रभावी आहे. आपण नेहमी इतरांना मदत करावी, हे या कथेतून शिकायला मिळते.

नमुना ब : राजा प्रश्न विचारतो तेव्हा तपस्वी उत्तर देत नाही, खणत राहतो. मला ही जागा महत्त्वाची वाटली. राजाने फावडे हातात घेतले नसते, तर तो आधीच निघून गेला असता आणि वाटेत मारला गेला असता. म्हणजे उत्तर शब्दांतून मिळण्याआधी कामातून मिळाले. आमच्याकडे गोरोबाकाकांच्या कथेतही माती आहे, पण तेथे कामात हरवलेल्या माणसाला जवळचे मूल दिसत नाही. दोन्ही कथा वाचून मला प्रश्न पडला, की काम माणसाला माणसाजवळ केव्हा नेते आणि केव्हा दूर नेते?

नमुना अ मधील वाक्ये कोणत्याही बोधकथेला चिकटवता येतील. नमुना ब मधील वाक्ये केवळ याच कथेविषयी आहेत. त्यात कथेतील एक नेमकी जागा आहे, कारणमीमांसा आहे, तुलना आहे आणि शेवटी प्रामाणिक प्रश्न आहे. भाषा मात्र दोन्हींत सारखीच साधी आहे. चांगल्या रसग्रहणाला अवघड शब्द लागत नाहीत, याची खूणगाठ बांधावी.

६.३ लेखनाचे टप्पे

१) कथा किंवा कविता वाचल्यावर पहिली प्रतिक्रिया मराठीत, स्वतःच्या बोलीत टिपावी. विचार ज्या भाषेत मोकळा होतो, त्या भाषेतच तो आधी होऊ द्यावा.
२) मनात राहिलेली एकच जागा निवडावी आणि ती का राहिली, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे.
३) आपल्या परंपरेतील वा अनुभवातील एखादी गोष्ट तिच्याशेजारी ठेवावी. साम्य नोंदवावे, पण त्याहून अधिक लक्ष भेदाकडे द्यावे.
४) मग हे टिपण लहान, सरळ इंग्रजी वाक्यांत उतरवावे. एका वाक्यात एकच विचार असावा.
५) दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून, कोणत्याही कथेला चालतील अशी वाक्ये काढून टाकावीत.

परीक्षेतील ठरावीक मुद्द्यांच्या चौकटीतही ही पद्धत चालते. यमकरचना आणि अलंकार सर्वांचे सारखेच राहतील. मध्यवर्ती कल्पना आणि आवडीचे कारण ही दोन दालने मात्र विद्यार्थ्याची स्वतःची असतात.

६.४ आपले जग इंग्रजीत सांगणे

लेखनाचा दुसरा प्रकार म्हणजे आपल्या परिसराचे वर्णन परक्या वाचकासाठी करणे. येडेश्वरीच्या यात्रेत चुनखडीचे खडे वेचण्याची प्रथा आहे. ती इंग्रजीत सांगताना विद्यार्थ्याला अनुवादाच्या खऱ्या अडचणी कळतात. ‘परडी’ म्हणजे टोपली असे लिहिले, तर तिच्यातील जोगव्याचा आणि व्रताचा अर्थ निसटतो. ‘पोत’ म्हणजे दिवटी म्हटले, तर वस्तू कळते, पण भाव राहून जातो. असा शब्द मूळ रूपात ठेवून पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ उलगडावा, हा एक मार्ग आहे. जोन्सपासून मेहरोत्रांपर्यंत प्रत्येक अनुवादकासमोर याच जातीचे प्रश्न उभे राहिले असणार. नववीतील विद्यार्थी अशी चार वाक्ये लिहितो, तेव्हा तोही त्या कामात सहभागी होतो.

७. सारांश

जागतिक साहित्य म्हणजे भाषांच्या सीमा ओलांडून वाचल्या जाणाऱ्या कृतींचा व्यवहार होय. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला त्याची पहिली ओळख बहुधा इंग्रजीच्या तासाला होते. केशवसुत, आगरकर, खांडेकर, वानखेडे यांच्या कार्यावरून दिसते, की इंग्रजीच्या वाचनातून मराठी साहित्याला नवे प्रकार, नवे विषय आणि नवा आत्मविश्वास मिळाला. असे वाचन फलदायी होण्यासाठी परभाषेतील कृती आपल्या परंपरेशेजारी ठेवून वाचावी लागते. महाराष्ट्रातील शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एवढ्या वर्षांच्या शिक्षणानंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या मताचा एक परिच्छेद लिहिता यावा, ही अपेक्षा मोठी नाही. ती पूर्ण करण्याची सुरुवात वर्गात, घरात किंवा वाचनालयात, एका कथेपासून करता येते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) ‘जागतिक साहित्य ही ग्रंथांची यादी नसून कृतींचा प्रवास आहे’, हे विधान ‘शाकुंतल’ आणि ‘गाथासप्तशती’ यांच्या आधारे स्पष्ट करा.
२) मराठवाड्यातील इंग्रजीच्या प्राध्यापकांनी दलित साहित्याच्या जाणिवेला कोणता आधार दिला?
३) ‘तीन प्रश्न’ ही कथा आणि गोरोबाकाकांची आख्यायिका यांतील साम्यभेद सांगा. आपले मत कारणांसह नोंदवा.
४) नमुना अ आणि नमुना ब यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या वयस्कर स्त्रीकडून पाच ओव्या ऐकून, तिच्या संमतीने लिहून घ्या. त्यांतील एका ओवीचा साध्या इंग्रजी गद्यात अनुवाद करा. कोणता शब्द अनुवादित करता आला नाही आणि का, यावर मराठीत एक परिच्छेद लिहा. शक्य असल्यास हे काम आठवी ते दहावीतील एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन करा.